राहीबाईनं बारव सोडली

राहीबाईला निम्मं गाव भांडखोर म्हणायचं आणि निम्मं गाव शहाणी म्हणायचं. शिरसाळवाडीत बाईला शहाणी म्हणणं ही भांडखोर म्हणण्यापेक्षा मोठी शिवी होती, हे आधीच सांगितलेलं बरं. तशी बाई दिसायला काही कुणाच्या अंगावर धावून जाणारी नव्हती. काटकुळी, सावळी, डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. आवाज मात्र असा, की वरच्या रानातून तिनं हाक मारली तर ओढ्यापलीकडची गुरं माना वर करायची.

शिरसाळवाडी पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. जमीन मुरमाड, पाऊस लहरी, आणि मिरवण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे गावची बारव. काळ्या दगडात बांधलेली, वरून खालपर्यंत पायऱ्या, तळाला पाणी. बारवेच्या कोनाड्यात साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले दगड. आजूबाजूच्या गावांत विहिरी आटल्या तरी बारवेत पाणी असायचं. सोयरीक जमवताना मुलीचा बाप विचारायचा, पाण्याचं कसं आहे तुमच्याकडे? की शिरसाळवाडीचा माणूस जमिनीचं, बैलांचं सगळं बाजूला ठेवून आधी बारवेचं सांगायचा. राहीबाईच्या बापालाही असंच सांगितलं होतं, आणि तोही भुलला होता.

बारवेत उतरायची एक रीत होती. चपला वर काढायच्या. पायऱ्या उतरून पाण्याशी आलं, की आधी पाय खळखळून धुवायचे, कारण धुळीच्या पायानं आसरांच्या पाण्यात शिरणं म्हणजे पाप. मग एक ओंजळ डोळ्यांना लावायची, गुडघाभर पाण्यात शिरायचं आणि घागर दाबून भरायची. ज्या पाण्यात पाय धुतले तेच पाणी घागरीत येतं, हे रोज दिसत होतं आणि कुणालाच दिसत नव्हतं. पाय न धुता उतरलेल्या सुनेला मात्र म्हाताऱ्या पायरीवरूनच फैलावर घ्यायच्या.

आणि उन्हाळा चढला, की त्या गावाला नारू लागायचा.

पायाला, घोट्याला, कधी गुडघ्याला फोड यायचा. निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. ती आग सहन होईना म्हणून माणूस लंगडत बारवेवर जायचा आणि पाय पाण्यात सोडून बसायचा. फोड फुटायचा, आग निवायची, आणि फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर यायचं. आसरांनी हात फिरवला, असं म्हाताऱ्या म्हणायच्या. मग तो दोरा काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. महिना महिना खाट सुटायची नाही. ऐन पेरणीच्या तोंडावर गावातली अर्धी माणसं अशी काड्या बांधून पडलेली असायची.

आज शाळेतलं पोरसुद्धा सांगेल, की नारू हा जंत, तो पाण्यातून पोटात जातो, पोटातून पायात येतो आणि पायातून परत पाण्यात. पण पोटात गेल्यापासून पायात यायला त्याला वर्ष लागतं, आणि गेल्या उन्हाळ्यात प्यालेल्या पाण्यावर या उन्हाळ्यात संशय घ्यायचा कुणी? पाणी तर दिसायला निवळशंख. त्यात गाळायचं तरी काय होतं?

राहीबाईच्या नवऱ्याला, आसारामला, लग्नानंतर दोनच वर्षांनी गुडघ्यात नारू झाला. काडीवर निम्मा आला होता. तेवढ्यात पेरणीजोगा पाऊस पडला. शेजारच्या रानात पाभरी चाललेल्या ऐकू येतात आणि आपण खाटेवर, हे त्याच्यानं बघवेना. त्यानं दात-ओठ खाऊन दोरा एकदम ओढला. तो तुटला. तुटलेला नारू आत सडला, गुडघा फणसाएवढा सुजला, आणि सूज उतरली तेव्हा पाय वाकतही नव्हता आणि सरळही होत नव्हता. तेव्हापासून आसाराम एका अंगावर झुकून चालायचा. बोलणं आधीच कमी होतं, ते आणखी कमी झालं.

त्यानंतर छबू झाली. बाळंतिणीच्या खाटेवर राहीबाईनं पोरीचे इवलेसे तळवे हातात घेतले आणि तिला भीती वाटली. बाकी बायका लेकराचं नाक कुणावर गेलं ते बघतात. ही पाय बघत बसली. ह्या पायांतून नारू निघू द्यायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं. कसं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

छबू चार वर्षांची झाली तेव्हाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एकाहत्तर साल. आसाराम लंगडा, धाकटा दीर नारूनं पडलेला, आणि रान तर नांगरायचं होतं. म्हणून राहीबाई रोजानं नांगर धरणाऱ्या फिलिपला सांगावा द्यायला खालच्या आळीत गेली. ओढ्याच्या काठच्या त्या आळीत ख्रिस्ती घरं होती. त्यांचे आजे-पणजे मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले होते. प्रार्थनेची खोली बांधली गेली, पोरं शिकली, एकदोघं मास्तर झाले. पण बारवेची पायरी काही त्यांना मोकळी झाली नव्हती.

फिलिप घरी नव्हता. त्याची बायको मरियम अंगणात गोवऱ्या रचत होती. राहीबाई उभी राहून आळीभर बघत राहिली. वर गावात दारोदारी खाटा होत्या. इथं एक नव्हती. म्हातारे चालत होते, पोरं धावत होती.

"मरियम, तुमच्याकडं कुनाला न्हाई व्हय?"

"काय?"

"नारू."

"न्हाई बाई. आमच्यात कदीच न्हाई."

"असं कसं?"

मरियमनं हातातली गोवरी रचली आणि तोंड वाकडं करून हसली. "तुमी उतरू देता व्हय आमाला बारवंत? बारवंची पुन्याई तुमाला. आमाला आपला झिरा."

बोलली ती टोमणा म्हणून. पण राहीबाईनं तो टोमणा घेतला नाही, उत्तर घेतलं. खालची आळी पिढ्यान्पिढ्या ओढ्याच्या वाळूत खड्डा करायची, वाळूतून पाझरलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायची. झिऱ्यात कुणाचा पाय मावत नव्हता. गावानं ज्यांना पाण्यापासून दूर ठेवलं तेच तेवढे धड पायांवर चालत होते.

घरी येऊन तिनं सासूला हे सांगितलं. बनुबाई जात्याशी बसली होती. ती म्हणाली, "त्यांच्यावर आसरांची नजर न्हाई, म्हनून त्यांना व्हत न्हाई. नारू म्हंजी द्यावाचं येनं असतंय."

"मंग माझ्या पोरीवर नजर नसली तरी चालंल, आत्याबाई," राहीबाई म्हणाली. "तिच्याकडं द्यावानं येऊच नये."

बनुबाईनं दोन्ही कानांना हात लावले. पण राहीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी चरवी घेऊन झिऱ्यावर गेली.

झिऱ्यावर बायकांची रांग होती. कुणाची तरी काही आगळीक झाली असणार आणि ही भांडायला आली असणार, असंच त्यांना वाटलं. तिनं चरवी पुढं केली आणि सांगितलं, पोरीसाठी पाणी पाहिजे.

मरियम कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आन तुमाला?"

"मला नको. माझं काय, मी दांडगी हाय. पोरीपुरतं बास."

"आमचं पानी पोरीला चालतं, आन तुमाला चालत न्हाई?"

राहीबाईनं खरं तेच सांगितलं. "मी प्याले तर माझ्या हातचं घरात कोन खानार? लेकराला इटाळ नसतोय. पोरीचं भागलं की माझं भागलं."

मरियमला ते आवडलं नाही, आणि आवडावं असं त्यात काही नव्हतंही. एखादीनं चरवी ओढ्यात भिरकावली असती. पण तिनं छबूला बघितलं होतं. "पोर कुनाचंबी झालं तरी पोरच," ती म्हणाली. "न्या. पर रांगंत उभं ऱ्हायचं, आन आमच्यासंगं वाळू उपसायची. फुकट न्हाई."

गावची सून खालच्या आळीच्या रांगेत उभी राहून वाळू उपसू लागली. बनुबाईला कळलं तेव्हा दोन दिवस अबोला झाला. मग तिसऱ्या दिवशी तोड निघाली. छबूची चरवी गोठ्यात ठेवायची, चुलीपाशी आणायची नाही. राहीबाईनं स्वतः मात्र घरचंच पाणी प्यायचं, म्हणजे बारवेचं. राहीबाई कबूल झाली. आईनं आपलं काय ते सोसावं आणि लेकराचं सांभाळावं, एवढंच तिला ठाऊक होतं. त्यात काही चुकतंय असं तिला वाटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जावेच्या, मालनबाईच्या पोराला दोन नारू निघाले. छबू अंगणात लंगडी घालत होती. राहीबाई ते बघून मनातल्या मनात हसली. आणि त्याच आठवड्यात तिच्याच घोट्यावर फोड आला.

आता जे झालं ते राहीबाईनं कधी कुणाला माफ केलं नाही, स्वतःलाही नाही. ती खाटेवर पडली. पाय टेकवत नव्हता, मग झिऱ्यावर जायचं कुणी? आसारामनं कधी पाणी भरलं नव्हतं. घरातल्या कर्त्या पुरुषानं घागर उचलायची हे शिरसाळवाडीत कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि तेही खालच्या आळीतून. मरियम आपण होऊन एक घागर घेऊन वेशीपर्यंत आली. चावडीवरच्या दोघांनी तिला तिथूनच परतवलं. गावात पाणी बाटवायला निघालीस काय, असं विचारलं. ती माघारी गेली आणि पुन्हा आली नाही, आणि यावं तरी कशाला?

छबू दुपारी उन्हातून खेळून आली. "आजे, पानी," म्हणाली. बनुबाईनं रांजणातून तांब्या बुडवला.

"नका देऊ," राहीबाई खाटेवरून ओरडली. "आत्याबाई, पाया पडते, नका देऊ."

"लेकरू तान्हेलं हाय. तहानलेलं मारू व्हय?"

बनुबाईचंही खोटं नव्हतं. तिनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तांब्या तिच्या तोंडाला लावला. छबू घटाघटा प्याली. राहीबाई उठायला गेली आणि खाली पडली, काडीसकट. त्या दिवशी छबू प्याली, दुसऱ्या दिवशी प्याली, आई उठेपर्यंत रोज प्याली. आणि राहीबाई रोज ते बघत पडून राहिली. तिला एक गोष्ट लख्ख कळली, की आई खाटेवर पडली तर पोरगी बारवेवर जाते. आईचा पाय हा काही आईचा एकटीचा नसतो. तो सांभाळला नाही तर पोरीचाही सांभाळला जात नाही. आपण दांडग्या आहोत म्हणून आपलं काही नाही, असं म्हणणारी बाई मूर्ख होती, आणि ती मूर्ख आपणच, असं तिनं स्वतःला सुनावलं.

नारू सबंध निघाला. काठी टेकत चालता येऊ लागल्यावर पहिल्या सकाळी ती झिऱ्यावर गेली. रांगेत उभी राहिली. पाळी आली तेव्हा तिनं घागर खाली ठेवली आणि वाकून ओंजळ पुढं केली.

"आधी मला पाज," ती मरियमला म्हणाली.

मरियमनं तिच्याकडे बघितलं. वाटी भरली आणि ओंजळीत धार धरली. राहीबाई सगळ्यांदेखत पोटभर प्याली. मग तिनं घागर भरली आणि ती पदराखाली लपवून नाही, डोक्यावर घेऊन गावातून गेली.

ही बातमी तिच्याआधी घरी पोचली. बनुबाईनं चूल वेगळी मांडली. संध्याकाळी चावडीवर बोलावणं आलं. आसाराम गेला, आणि बाईमाणसानं जायचं नसताना राहीबाईही त्याच्या मागोमाग गेली. कानिफनाथ पाटील चावडीपुढच्या पारावर बसला होता. त्याचा शब्द गावात शेवटचा.

"आसाराम," पाटील म्हणाला, "तुझ्या बायकूनं बाटीव पानी गावातनं मिरवलं. आजपासनं तुझ्या घराला बारवंची पायरी बंद."

आसाराम खाली बघत उभा राहिला. राहीबाईनं पदर सारखा केला.

"पाटील, तुमी कशाला बंद करताय? मीच सोडली की."

पाटील लाल झाला. "जीभ सांभाळ. बारवंच्या पान्यावर सात पिढ्या जगल्या हायत."

"जगल्या. पर चालल्या किती?" राहीबाई म्हणाली. "तुमी सोता तेवढं उठून हितवर चालत या, पाटील. मी आत्ता बारवंत जाऊन नाक घासते."

पाटील उठला नाही. त्याला उठता येत नव्हतं. त्याच्या पोटरीला पंच्याची चिंधी बांधलेली होती आणि चिंधीत काडी होती. एक-दोघांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. शिक्षा काही माघारी घेतली गेली नाही. राहीबाईनं माफी मागितलीही नाही. बनुबाईच्या रांजणात मात्र मालनबाईच्या हातून बारवेचंच पाणी येत राहिलं, आणि आसाराम तेच प्यायचा.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचं वर्णन नको आहे, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. रानं काळीठिक्कर पडली. सगळं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. तिथं वरची आळी आणि खालची आळी शेजारी बसून एकाच सूर्याखाली हातोडा मारायची, पण पाण्याचे डेरे वेगळे. राहीबाईचा तांब्या खालच्या डेऱ्यातून भरायचा. तिच्या जवळ बसायला बायका कचरायच्या. तिनं आपली खडीची रास मरियमच्या शेजारी लावली.

झिरा खोल खोल गेला. हातभर होता तो पुरुषभर झाला. एकीनं आत उतरून पेलाभर पाणी साठायची वाट बघायची आणि दुसरीनं वरून घागर धरायची. खालच्या आळीतल्या काही बायका बोलू लागल्या, आपल्यालाच पुरत नाही, ह्या वरच्या बाईला कशाला? मरियमनं त्यांना गप्प केलं नाही. तिनं राहीबाईलाच सांगितलं, "वाईच जास्ती उपसा. त्यांचं बोलनं बराबर हाय." राहीबाई जास्त उपसू लागली. बारवेतही गुडघ्याएवढंच पाणी उरलं होतं. सरकारचा टँकर यायचा आणि आणलेलं पाणी त्या बारवेतच ओतायचा, आणि माणसं पाय धुवून त्यात उतरायची.

आणि राहीबाई दिवस ढकलत होती. छबू गेल्या उन्हाळ्यात जे पाणी प्याली होती ते कुठंतरी आत आहे, हे तिला माहीत होतं. रोज रात्री निजलेल्या पोरीचे पाय ती चाचपायची. घोटा, पोटरी, गुडघा. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ऐकणारा हसला असता.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात छबूच्या पायावर फोड आला. अंगठ्याच्या वरच, करंगळीच्या पेराएवढा. छबू रडायला लागली.

गावाला तर सणच मिळाला. खडीवर, चावडीवर, बारवेवर एकच बोलणं. कुठं गेलं झिऱ्याचं पाणी? देव सोडला, धर्म सोडला, घर बाटवलं, आणि मिळवलं काय? मालनबाई एरवी बरी बाई, पण तीही म्हणाली, "राहीबाई, आसरांशी वैर केलंत तुमी. माफी मागा आन ह्या पोरीला सोडवा."

खोटं कशाला बोला, राहीबाई डगमगली. एका दुपारी ती पोरीचा पाय मांडीवर घेऊन बसली आणि तिला वाटलं, आपलंच चुकलं असेल तर? एवढी माणसं वेडी आणि आपण एकट्या शहाण्या, असं कसं असेल? तिनं ठरवलं, जावं, नाक घासावं, मोकळं व्हावं. मग तिला तो तांब्या दिसला. बनुबाईचा हात, छबूचा आ केलेला चेहरा, घटाघटा आवाज. ती उठली नाही.

पण बनुबाई उठली. नातीचं रडणं तिला ऐकवत नव्हतं. तिनं छबूला कडेवर घेतलं आणि दाराकडे निघाली.

"कुटं, आत्याबाई?"

"बारवंवर. पाय पान्यात सोडला की लेकराची आग निवंल."

राहीबाई दारात आडवी झाली. "न्हाई न्यायचं."

"हो बाजूला. तुझ्या हट्टापायी पोरीला जाळतीस?"

"आग निवंल, पर ह्या पायात हाय ते त्या पान्यात पडंल," राहीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आन ते पानी मालनीचं पोर पितं. तुमी पिता. माझ्या पोरीला लागलं ते लागलं. तिच्या पायातनं दुसऱ्याच्या पोराला मी लावू देनार न्हाई. गावानं माझी पायरी बंद केली न्हवं? मंग बंद म्हंजी बंद. माझ्या घरातला पाय त्या पान्यात पडनार न्हाई."

"अगं, ते लोक तुला वाळीत टाकून बसलेत आन तू त्यांच्या पोरांचं बघतीस?"

"पोरांनी कुटं टाकलंय?"

बनुबाई दारात उभी राहिली. छबू हुंदके देत होती. राहीबाईनं तिला सासूच्या कडेवरून अलगद घेतलं, घमेलं ओढलं, त्यात चरवीतलं झिऱ्याचं पाणी ओतलं आणि पोरीचा पाय त्यात ठेवला. फोड फुटला. पांढरं टोक दिसलं. छबूचं रडणं हळूहळू उतरलं. घमेल्यातलं ते पाणी राहीबाईनं नंतर उकिरड्यावर तापलेल्या मातीत ओतलं.

टोक काडीला घेतल्यावर पोरीला क्षणभर सोडून चालणार नव्हतं. सहा वर्षांचं लेकरू, हिसका देईल, दोरा तुटेल, आणि तुटलेल्या दोऱ्यानं काय होतं ते त्या घरात रोज डोळ्यांपुढं चालत होतं. राहीबाई खाटेवर पाय धरून बसली. घमेल्याला पाणी लागलं होतं, प्यायला पाणी लागणार होतं, आणि घागर कोरडी होती. छबू म्हणाली, "आये, तहान लागली."

गेल्या वर्षीचीच गत झाली. राहीबाईनं एकदा रिकाम्या घागरीकडे बघितलं आणि एकदा बनुबाईकडे. बनुबाई रांजणाशेजारी उभी होती, पण या खेपेला तिनं तांब्या उचलला नाही.

ओट्यावर आसाराम बसला होता. त्यानं दारातलं सगळं ऐकलं होतं. तो भिंतीला धरून उठला, आत आला आणि घागर उचलून खांद्यावर घेतली. राहीबाईला वाटलं, हा आता बारवेवर जाऊन माफी मागणार. तिनं दातांवर दात दाबले.

"अवं, कुटं निघालात?"

"झिऱ्यावर," आसाराम म्हणाला. "रांग मोठी असती का?"

तो भर उन्हात निघाला. एका अंगावर झुकत, खांद्यावर घागर, प्रत्येक पावलाला घागर कानाशी आदळत. बारवेवरनं गेला तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले. चावडीवरनं गेला तेव्हा पाटलानं हाक मारली.

"आसाराम, बायकूचं पानी भरायला लागलास व्हय?"

आसाराम थांबला. चावडीवर हा माणूस कधी वर तोंड करून बोलला नव्हता. आता बोलला.

"बायकूचं न्हाई, पाटील. पोरीचं हाय. आन येताना मीबी पिऊन येनार हाय, ते आदीच सांगतो. मागनं कुनी सांगाया नको."

आणि तो ओढ्याकडे उतरला. खालच्या आळीतल्या बायका रांगेतून बाजूला सरकल्या, पण तो पुढं गेला नाही. शेवटी उभा राहिला, पाळीनं पुढं सरकला. वाकडा पाय घेऊन झिऱ्यात उतरणं त्याला जमणारं नव्हतं. मरियम आत होती, तिनं खालून पाणी दिलं.

तो परत आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यानं घागर उतरवली, तांब्या भरून छबूला पाजला, दुसरा राहीबाईपुढं धरला. त्याच्या मिशा आणि सदऱ्याची छाती ओली होती.

"प्यालात?" राहीबाईनं विचारलं.

"प्यालो."

तिला रडू आलं आणि त्या रडण्याचा रागही आला. ती करवादली, "लई उशीर केलात. आता तुमाला काय त्याचं? गुडगा काय सरळ व्हनार हाय?"

आसाराम खाटेच्या कडेला टेकला. त्यानं छबूच्या पायावरची काडी नीट बघितली आणि तिला धक्का लागणार नाही अशा बेतानं आपला वाकडा पाय दूर केला.

"ह्यो न्हाई व्हनार," तो म्हणाला. "दुसरा हाय की अजून."